बातम्या आणि नोकरीची धास्ती दोन्ही एकदम मागे लागली की काय करायचं

२०२० च्या मार्चपासून पुढे चार-पाच महिने माझी रोजची रात्र सारखीच. दीड वाजलेला, अंथरुणात पडून मोबाईलवर कोरोनाच्या रुग्णांचे आकडे बघायचे, मग ऑफिसचा मेल उघडायचा, मग परत आकडे. साहेबांचा "उद्या अकराला बोलू" एवढाच मेसेज आला तरी तो दहा वेळा वाचायचो आणि दर वेळी आता काढणार असाच अर्थ लागायचा.

आधी एक समजून घ्या, की तुम्ही घाबरट नाही आहात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या लोकांनी २०१६ मध्ये एक प्रयोग छापला होता, त्यात हाताला शॉक बसणारच हे पक्कं माहीत असताना जेवढा ताण यायचा त्याहून जास्त ताण बसेल की नाही फिफ्टी-फिफ्टी असताना यायचा. साथीची बातमी काय आणि नोकरीची टांगती तलवार काय, दोन्हीत नेमकं हेच असतं, आणि एकीने मन पोखरलं की दुसरी अजून मोठी वाटायला लागते. म्हणून जे पक्कं करता येईल ते पक्कं करायचं.

बातम्यांची वेळ ठरवा. जागतिक आरोग्य संघटनेनेही तेव्हा हेच सांगितलं होतं, दिवसातून एकदा-दोनदा ठरलेल्या वेळी बघा. नोटिफिकेशन बंद, फॅमिली ग्रुप म्युट, आणि शक्यतो बातमी वाचा, टीव्हीवर बघू नका, कारण तिथे तीच बातमी तासाला सहा वेळा म्युझिक लावून सांगतात आणि दर वेळी छातीत धस्स होतं. झोपायच्या दोन तास आधी तर नकोच. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा, मला खरा फरक यानेच पडला.

नोकरीचं मात्र टाळून चालत नाही, तिथे उलट समोर बसावं लागतं. एक कागद घ्या, महिन्याचा टाळताच येणार नाही असा खर्च लिहा, भाडं, हप्ता, किराणा, औषधं, फी, आणि बँकेत साठवलेल्या रकमेला त्याने भागा. माझं उत्तर साडेतीन महिने आलं, कमीच होतं, पण त्या रात्री बऱ्याच दिवसांनी झोप लागली, कारण भीतीला निदान एक आकडा मिळाला. मग सीव्ही नीट केला, दोन जुन्या सहकाऱ्यांना फोन केले आणि साहेबांना सरळ विचारलं की टीमचं पुढे काय. घरच्यांपासून लपवू नका हो, कृपा करून, त्यांना चेहऱ्यावरून कळलेलंच असतं, आणि लपवायचा ताण वेगळाच.

तरी दिवसभर तेच घोळत असेल तर संध्याकाळी वीस मिनिटं काळजीसाठीच ठेवा. मधेच विचार आला की वहीत टिपायचा आणि तेव्हा बघू म्हणून सोडायचा. मानसोपचारातली जुनी पद्धत आहे ही, पहिले काही दिवस जमत नाही, मग जमते.

दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन नाही, दारू वाढलीय, असं असेल तर डॉक्टरकडे जा. साथीच्या पहिल्या वर्षात चिंता आणि नैराश्य जगभर साधारण २५ टक्क्यांनी वाढलं होतं, त्यामुळे डॉक्टरांना हे नवीन नाही. आणि जगणंच नको असं मनात आलं तर उद्यावर ढकलू नका, त्याच क्षणी जवळच्या कुणाला तरी उठवून सांगा आणि त्यांना सोबत घेऊन दवाखाना गाठा.