इटालियन सर्वनाम कुठे ठेवायचं? आधी क्रियापद बघा

'लो' (त्याला), 'ला' (तिला), 'मी' (मला), 'ती' (तुला) ही इटालियन सर्वनामं कुठे बसवायची असं अडलं की क्रियापदाकडे बघा. ते कर्त्याप्रमाणे चालवलेलं असेल तर सर्वनाम त्याच्या आधी, सुटं: 'लो वेदो' (मी त्याला बघतो). मूळ रूप असेल किंवा 'तू'ला केलेली आज्ञा असेल तर शेवटी, जोडून: 'दिम्मी' (मला सांग). पण आदराने बोलताना तेच 'मी दीका' होतं, कारण तिथे तृतीय पुरुषाचं रूप वापरतात. दुकानात हे सतत कानावर पडतं, म्हणून पाठच करा.

'वोल्यो' (मला हवंय), 'पॉस्सो' (मी शकतो) यांच्यासोबत दोन्ही चालतं: 'लो वोल्यो वेदेरे' किंवा 'वोल्यो वेदेर्लो' (मला त्याला बघायचंय). दोन क्रियापदांच्या मध्ये सुटं मात्र कधीच नाही.

भूतकाळात मराठी माणसाचा खरा फायदा आहे. आपण 'आंबा खाल्ला', 'पोळी खाल्ली' म्हणतो, कर्माच्या लिंगाप्रमाणे. इटालियनमध्येही 'लो, ला' किंवा त्यांची अनेकवचनं 'ली, ले' आधी आली की धातुसाधित (क्रियापदाचं 'खाल्ला'सारखं रूप) तसंच बदलतं: पित्सा स्त्रीलिंगी, म्हणून 'लो मांजाता' (ती मी खाल्ली). इथला 'लो' म्हणजे 'ला' आणि सहायक 'ओ' यांचा संधी. पुल्लिंगी सर्वनाम समजू नका. कर्म नाम म्हणून नंतर आलं तर बदल नाही: 'ओ मांजातो ला पित्सा'. आपली मराठी सवय नेमकी इथे आवरायची.