बर्फावरचा माग: हिमबिबट्या पाहायला स्पितीला निघालेल्या नाशिककरांसाठी

नाशिककरांना बिबट्याचे अप्रूप नाही. निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या उसात तो जन्मतो, दारणेच्या काठाने फिरतो आणि अधूनमधून एखाद्या वसाहतीत शिरून वन विभागाची धावपळ उडवून देतो. त्यामुळे हिमबिबट्या पाहायला निघालेला आपल्याकडचा हौशी माणूस मनाशी असे धरून चाललेला असतो की बर्फात ठसा सापडला की त्याच्यामागून चालत राहायचे आणि शेवटी जनावर दिसेल. प्रत्यक्षात चार हजार मीटर उंचीवर आपण शंभर पावलांत धापा टाकू लागतो, तेवढ्या वेळात हिमबिबट्या डोंगराची धार ओलांडून पलीकडे गेलेला असतो आणि आपली चाहूल त्याला केव्हाच लागलेली असते. ठशाचा खरा उपयोग दुर्बीण कोणत्या दरीवर, कोणत्या कड्यावर रोखून बसायचे हे ठरवण्यासाठी होतो. पुढची सगळी माहिती हे डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे.

देशातील हिमबिबट्यांचा पहिला शास्त्रीय अंदाज २०१९ ते २०२३ या काळातील पाहणीतून तयार झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये ७१८ हा आकडा जाहीर झाला. त्या अंदाजानुसार त्यांपैकी ४७७ लडाखमध्ये आणि ५१ हिमाचल प्रदेशात होते. आकडे पाहून लडाखकडेच ओढ वाटणे साहजिक आहे. तरीही प्रथमच जाणाऱ्या नाशिककराला मी हिमाचलमधील स्पिती खोऱ्यातले किब्बर हे गाव सुचवतो आणि त्याचे कारण उंचीशी निगडित आहे. दिल्लीहून विमानाने निघालेला माणूस दीड तासात लेहच्या ३,५०० मीटर उंचीवर उतरतो, तर हिवाळ्यात मनालीकडून येणाऱ्या वाटेवरची कुंझुम खिंड बंद असल्याने स्पितीला सिमला आणि किन्नौरमार्गेच जावे लागते आणि हा लांबचा रस्ता शरीराला सवयीसाठी आपोआप वेळ देतो. आपले शहर सुमारे ६०० मीटरवर वसलेले आहे. कळसूबाईचे १,६४६ मीटरचे शिखर आपल्याला उंच वाटते, पण सिमला त्याच्याही वर, सुमारे २,२०० मीटरवर आहे. तेथून कल्पा, मग सुमारे ३,३०० मीटरवरचे ताबो, नंतर काझा आणि शेवटी ४,२०० मीटरच्या आसपासचे किब्बर, असे टप्पे घ्यावेत. काझात किमान दोन रात्री थांबल्याशिवाय किब्बरला मुक्काम करू नये. डोकेदुखी, मळमळ किंवा झोप उडणे ही लक्षणे दिसली तर आणखी वर जाणे थांबवावे, आणि बसल्या जागी धाप लागू लागली, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलण्यात गोंधळ होऊ लागला तर सकाळची वाट न पाहता खाली उतरावे. उंचीच्या त्रासावरची ॲसिटाझोलामाइडची गोळी नाशिकमध्येच डॉक्टरांना विचारून घ्यावी, विशेषतः सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी.

जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत चांगला. हा हिमबिबट्यांच्या मीलनाचा हंगाम असतो, त्यामुळे ते अधिक फिरतात, अधिक खुणा सोडतात आणि संध्याकाळी कड्यांवरून त्यांची हाकही ऐकू येते. त्यांचे भक्ष्य असलेले भरल (निळी मेंढी) आणि आयबेक्स (डोंगरी रानबकरा) याच काळात बर्फामुळे खाली, गावांच्या जवळ उतरतात. किब्बरच्या गावकऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून काही कुरणे गुरांच्या चराईसाठी बंद ठेवल्याने भरलांना तेथे मोकळीक मिळाली आहे, हेही गाव निवडण्याचे एक कारण आहे. सहल ठरवताना दर किती हे सगळेच विचारतात. त्याआधी टेहळणी करणारी माणसे गावातलीच आहेत का, गटात किती जण असतील आणि किब्बरला सलग किती रात्री मिळतील, हे विचारावे. पाच रात्रींपेक्षा कमी मुक्काम असेल तर पैसे वाचवून पुढच्या वर्षी जावे, असे माझे मत आहे.

ठसे वाचण्याचा सराव मात्र घरीच करावा लागतो. त्यासाठी उसात शिरण्याची गरज नाही आणि शिरूही नये, कारण मादी आणि बछडे तेथेच असतात. गल्लीतले मांजर आणि कुत्रे आपल्याला पुरेसे आहेत. रात्री पडवीत किंवा गच्चीवर चाळलेल्या रांगोळीचा पातळ थर पसरावा, पलीकडे दुधाची वाटी ठेवावी आणि सकाळी उंबऱ्याशी बसून ठसे पाहावेत. शेजारी एक पट्टा गव्हाच्या पिठाचा करावा. पिठात बोटे आणि तळव्याची गादी स्वच्छ उमटतात, तर भरड रांगोळी कडेने ढासळते आणि नुसता खळगा उरतो. उणे वीस अंशांतला कोरडा, भुसभुशीत बर्फ बहुतेक वेळा या रांगोळीसारखाच वागतो. घरच्यांची बोलणी खावी लागतात, पण आठवडाभरात नजर तयार होते.

मांजरकुळातील प्राणी चालताना नखे आत ओढून घेतात, म्हणून ठशात नखांच्या खुणा नसतात. चारही बोटे सारख्या रेषेत नसतात, एक बोट किंचित पुढे असते, आणि मागच्या गादीच्या तळकडेला तीन फुगीर भाग दिसतात. कुत्रा, लांडगा आणि कोल्हा यांचा ठसा लांबट आणि दोन्ही बाजूंनी सारखा असतो, नखे उमटतात, आणि बोटे व गादी यांच्यामधल्या उंचवट्यावर फुलीचा आकार दिसतो. हिमबिबट्याचा ठसा साधारण ९ ते १० सेंटिमीटर लांब आणि गोलसर असतो, पण तळव्यावर दाट केस असल्याने त्याच्या कडा आपल्या बिबट्याच्या चिखलातल्या ठशाइतक्या रेखीव नसतात. लाल कोल्ह्याचा ठसा ५ ते ६ सेंटिमीटरांचा असतो आणि तो शिवणीच्या टाक्यांसारखा एका ओळीत पडत जातो.

भुसभुशीत बर्फात बोटे दिसलीच नाहीत तर एकट्या ठशाकडे पाहत बसू नये, ओळ कोठून कोठे जाते ते पाहावे. लांडगा मोकळ्या, चढउताराच्या माळावरून सरळ दूरवर दुडक्या चालीने जातो. गावातले कुत्रे वास घेत वेडेवाकडे भटकते. हिमबिबट्या कड्याच्या पायथ्याला चिकटून किंवा धारेच्या कण्यावरून चालतो, मोठ्या खडकाशी थांबतो, आणि खोल बर्फात कधी कधी त्याच्या लांब शेपटीची ओढही उमटते.

किब्बरला गेलो तेव्हा दुसऱ्याच दिवशी माझी फजिती झाली. गावाखालच्या, दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर मला चांगला अकरा सेंटिमीटरांचा, गोल, नखे नसलेला ठसा सापडला, आणि हातमोजा शेजारी ठेवून मी त्याची सहा-सात छायाचित्रेही काढली. वाटाड्या काही न बोलता त्या ओळीने वीसेक पावले पुढे गेला आणि एका मोठ्या खडकाच्या सावलीत वाकला. तेथे त्याच ओळीतला ठसा सात सेंटिमीटरांचा होता, आणि चारही नखे टाचणीने टोचल्यासारखी दिसत होती. "ये तो गाँव का कुत्ता है, सर," तो म्हणाला. उन्हाने बर्फ वितळला की ठसा पसरतो, गोल होतो आणि नखांची टोके आधी पुसली जातात. म्हणून उन्हातला ठसा मोजण्यापूर्वी त्याच ओळीतला सावलीतला ठसा शोधावा, आणि एकाऐवजी पाच-सहा ठसे मोजावेत.

ठसा कधीचा, हा त्याहून अवघड प्रश्न आहे. ताज्या ठशाच्या कडा तीक्ष्ण असतात आणि पायाने उडवलेली बर्फाची पूड पुढच्या बाजूला सुटी पडलेली असते. रात्रभराच्या थंडीतून गेलेला ठसा बोटाने दाबला की कडक लागतो, त्याच्या तळाशी हिमकणांची बारीक सुयांसारखी वाढ दिसू शकते, आणि वारा असेल तर एका बाजूने तो बुजू लागलेला असतो. यासाठी एक साधी युक्ती आहे. संध्याकाळी मुक्कामाजवळ, सावलीत आणि उन्हाच्या जागी, आपल्या मुठीचे दोन ठसे उमटवून ठेवावेत आणि सकाळी निघताना ते पाहावेत. त्या रात्रीच्या हवेने बर्फावर नेमके काय केले ते हाताला कळते, आणि पुढच्या ठशांची तुलना त्याच्याशी करता येते.

ठशांखेरीज कड्यांच्या पोटात, पुढे आलेल्या खडकाखालच्या कोरड्या मातीत, ओरखडे शोधावेत. मागच्या पायांनी माती मागे लोटल्याने एक उथळ चर आणि त्याच्या टोकाला छोटा ढीग तयार होतो. शेजारच्या खडकावर माणसाच्या कमरेच्या खालच्या उंचीला मुत्राचा काळपट डाग असतो आणि नाक जवळ नेले तर उग्र वास येतो. एकदा तेथील खडबडीत कडेला अडकलेला, मुळाशी करडा आणि टोकाला पांढरा असा एकच केस मला वाटाड्याने दाखवला, आणि बोट लावू दिले नाही. अशा जागा नर-माद्या वर्षानुवर्षे वापरतात, त्यामुळे तेथे रेंगाळू नये.

ताजा ठसा सापडल्यावर मन पुढे धावते, पण शक्यतो उलट दिशेने, जनावर जेथून आले तिकडे जावे. त्याने आपल्याला पाहण्याची शक्यता त्यामुळे घटते, आणि ते रात्री कोठे बसले, कोठे थांबून खाली पाहिले, शिकार केली का, हे सगळे उलट्या मागावर सापडते. ठशांची पुढची दिशा तेवढी नोंदवावी आणि समोरच्या उतारावर, शक्यतो दरीच्या पलीकडे, बसून राहावे. दुर्बीण डावीकडून उजवीकडे, खडकांच्या एकेका पट्ट्यावरून हळू फिरवावी. ८ किंवा १० पटीची दुर्बीण शोधण्यासाठी आणि तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने पाहायची जास्त पटीची दुर्बीण) खात्री करण्यासाठी वापरावा. हिमबिबट्याऐवजी भरलांकडे लक्ष ठेवावे. चरणारा कळप एकाएकी माना वर करून एकाच दिशेला पाहू लागला किंवा शिट्टीसारखा इशारा आला तर त्या रेषेत शोधावे. एका जागी गिधाडे, डोमकावळे घिरट्या घालत असतील तर तेथे शिकार पडलेली असू शकते. अशा वेळी हिमबिबट्या तीन-चार दिवस त्या परिसरात राहतो, म्हणून जवळ जाण्याची घाई मुळीच करू नये. शिकारीवरून हुसकलेल्या जनावराला पुन्हा तेवढीच मेहनत करावी लागते.

निफाडचा पारा चार-पाच अंशांवर आला की आपण शेकोट्या पेटवतो. किब्बरच्या रात्री उणे वीसच्या खाली असतात आणि बसून राहणे चालण्यापेक्षा अधिक थंड असते. अंगाला लोकरीचा थर, त्यावर फ्लीस, वर पिसांचे जाकीट घालावे आणि सुती कपडा अंगालगत ठेवू नये, कारण घामाने तो ओला होतो आणि वाळत नाही. बॅटऱ्या आतल्या खिशात ठेवाव्यात. कॅमेरा खोलीत नेण्याआधी पिशवीत बंद करावा, नाहीतर उबेत येताच भिंगावर दव धरते. थर्मास, गूळ-शेंगदाण्याची चिक्की आणि बसायला जाड रबरी चटई एवढे सोबत असले तर चार तास निभतात.

हिमबिबट्या माणसावर सहसा हल्ला करत नाही. गावाबाहेरच्या भटक्या कुत्र्यांच्या टोळीची मात्र खरी भीती असते, म्हणून पहाटे एकट्याने वाटाड्यापासून दूर जाऊ नये. जनावर दिसले तर बोलणे थांबवावे, बसलेल्या माणसाने उभे राहू नये, आणि ड्रोन कोणी काढलाच तर त्याला थांबवावे. जागेचे नेमके छायाचित्र त्याच दिवशी समाजमाध्यमांवर टाकू नये. ठशांची मापे, वेळ, उताराची दिशा आणि जनावराची चाल वहीत लिहून घ्यावी आणि परत निघण्याआधी त्या नोंदी वाटाड्याला दाखवाव्यात. माझ्या वहीतल्या तीन "हिमबिबट्यां"पैकी दोन त्याने खोडले.