नेटवर्क स्विच बसविताना आणि सांभाळताना या चुका टाळा

गेली वीसेक वर्षे मी मराठवाड्यात कार्यालये, कारखाने, पतसंस्था आणि जिनिंग यांची नेटवर्के बसविण्याचे आणि बिघडलेली दुरुस्त करण्याचे काम करतो. वाळूज आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींपासून लातूरच्या डाळ मिलपर्यंत ठिकाणे बदलतात, मालक बदलतात, संगणक, प्रिंटर, कॅमेरे वायरींनी एकमेकांशी जोडणाऱ्या पेटीचे, म्हणजे स्विचचे, ब्रँड बदलतात. परंतु ‘नेट चालत नाही’ या तक्रारीच्या मुळाशी सापडणाऱ्या चुका मात्र त्याच त्या असतात. स्विच म्हणजे विजेच्या एक्स्टेन्शन बोर्डासारखी वस्तू, पोर्ट, म्हणजे वायर खोचायच्या जागा, मोजून विकत घ्यायची, वायरी खोचायच्या आणि विसरून जायचे, ही समजूत त्यांच्यापैकी बहुतेकांची आई आहे. संगणक बिघडला की पडद्यावर संदेश येतो, प्रिंटर अडला की लाल दिवा लागतो; स्विचचे मात्र सगळे बिनसलेले असतानाही त्याचे हिरवे दिवे नेहमीसारखेच लुकलुकत राहतात. त्यामुळे दोष राऊटरला, इंटरनेट कंपनीला, संगणकाला, सर्वांना दिला जातो आणि स्विचकडे शेवटी पाहिले जाते.

टेबलाखालचा आठ पोर्टचा स्विच

परभणी जिल्ह्यातील एका पतसंस्थेतून बाजाराच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मला फोन आला. सर्व काउंटर बंद पडले होते आणि पैसे काढायला आलेल्या लोकांची रांग पायऱ्यांपर्यंत पोहोचली होती. मी पोहोचेपर्यंत तेथील लोकांनी राऊटर बदलून पाहिला होता, सर्व्हर दोनदा बंद करून चालू केला होता आणि इंटरनेट कंपनीकडे तक्रारही नोंदविली होती. रॅकचे दार उघडल्यावर मला दिसले ते असे की, मुख्य स्विचचे चोवीसही दिवे एकाच लयीत आणि इतक्या वेगाने लुकलुकत होते की ते जवळजवळ स्थिर वाटावेत. ज्याने हे दृश्य एकदा पाहिले आहे, त्याला पुढे काही तपासावे लागत नाही. हा लूप असतो, म्हणजे वायरींची अशी जोडणी की पाठविलेला संदेश फिरून त्याच जागी परत येतो.

मी एक नंबरच्या पोर्टपासून एकेक वायर काढत गेलो. सतरावी वायर काढताच सगळे दिवे शांत झाले आणि काउंटरवरून ‘चालू झालं, चालू झालं’ असा आवाज आला. ती वायर वसुली विभागातील एका टेबलाखाली जात होती. तेथे कोणीतरी जादा संगणकासाठी आठ पोर्टचा साधा स्विच ठेवला होता आणि एका पिवळ्या पॅच कॉर्डची दोन्ही टोके त्याच स्विचमध्ये बसविलेली होती. झाडणाऱ्या मावशींना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘साहेब, वायर खाली लोंबत होती, झाडूत अडकत होती, म्हणून रिकाम्या जागी बसवली.’ यात मावशींची काहीही चूक नव्हती. संगणक दुसरीकडे हलविल्यावर वायरचे एक टोक मोकळे सोडून जाणाऱ्याची ती चूक होती, आणि अशा स्विचवर मुख्य स्विचमधून कोणताही पहारा न ठेवणाऱ्याचीही होती.

हे इतके घातक का ठरते, ते समजून घेणे आवश्यक आहे. इंटरनेटच्या पॅकेटमध्ये, म्हणजे माहितीच्या तुकड्यात, त्याचे आयुष्य मोजणारा एक आकडा असतो; प्रत्येक राऊटरवर तो एकाने कमी होतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून दिले जाते. स्विच ज्या स्वरूपात माहिती पुढे पाठवितो, त्या इथरनेटच्या फ्रेममध्ये असा आकडाच नाही. सर्वांसाठी असलेली, म्हणजे ब्रॉडकास्ट, फ्रेम स्विच आपल्या बाकीच्या सर्व पोर्टवर पाठवितो; लूप असेल तर ती फिरून परत येते, पुन्हा सर्वत्र पाठविली जाते, आणि वायर उपटेपर्यंत हे थांबत नाही. यावरचा उपाय जुना आहे. रॅडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डीईसी या संगणक कंपनीत असताना स्पॅनिंग ट्री ही पद्धत शोधली, १९९० मध्ये ती ८०२.१डी या नावाने मानक झाली आणि २००१ मध्ये तिची जलद आवृत्ती आली. स्विच एकमेकांना ठरावीक संदेश पाठवून लूप ओळखतात आणि एक मार्ग स्वतःहून बंद ठेवतात.

घाई करणारी नवी मुले नेमकी हीच सोय बंद करतात, याचे मला फार वाईट वाटते. मूळ पद्धतीत पोर्ट चालू व्हायला साधारण तीस सेकंद लागतात, तेवढ्यात संगणकाला आयपी पत्ता मिळत नाही, ग्राहक कुरकुर करतो आणि मुलगा मोबाईलवर एखादा व्हिडिओ पाहून स्पॅनिंग ट्रीच काढून टाकतो. खरे तर ज्या पोर्टवर फक्त संगणक किंवा प्रिंटर आहे, तो पोर्ट ‘एज’ म्हणून नोंदवावा. तो लगेच चालू होतो. त्याच पोर्टवर बीपीडीयू गार्ड लावावा, म्हणजे तेथून स्पॅनिंग ट्रीचा संदेश परत आला की तो एकच पोर्ट बंद पडेल आणि बाकीचे कार्यालय चालू राहील. मात्र काही साधे स्विच हा संदेश पुढे जाऊ देतात आणि काही तो गिळून टाकतात, म्हणून मी एवढ्यावर थांबत नाही. मुख्य स्विचमध्ये लूप डिटेक्शन (लूप ओळखणे) आणि स्टॉर्म कंट्रोल (ब्रॉडकास्टच्या पुरावर मर्यादा घालणे) असेल तर तेही चालू करतो, आणि नसेल तर तो स्विच ग्राहकाला घेऊच देत नाही. सर्व स्विचची प्राथमिकता कारखान्यातून ३२७६८ अशी सारखीच येते आणि बरोबरी झाली की सर्वांत लहान मॅक पत्त्याचा, म्हणजे कारखान्यात दिलेल्या ओळखक्रमांकाचा, स्विच मूळ ठरतो, बाकीचे स्विच आपले मार्ग त्याच्यापासून मोजतात. तो बहुधा कोपऱ्यातला सर्वांत जुना असतो. प्राथमिकतेची संख्या लहान असलेला स्विच मूळ ठरतो, म्हणून मुख्य स्विचवर ही संख्या स्वतःच्या हाताने ४०९६ करून ठेवावी.

सेव्ह न करता निघून जाणे

ही चूक लूपइतकी भडक नाही, परंतु मला ती अधिक संतापजनक वाटते, कारण ती एका मिनिटात टळू शकते. अनेक मॅनेज्ड, म्हणजे आतली मांडणी आपल्याला ठरविता येते अशा, स्विचमध्ये आपण केलेला बदल ताबडतोब लागू होतो, पण तो फक्त चालू स्मृतीत असतो. कायमच्या स्मृतीत जाण्यासाठी तो वेगळा सेव्ह करावा लागतो. वीज गेली की न जतन केलेले सर्व काही जाते.

जालन्यातील एका पोलाद कारखान्यात एका तरुण इंजिनिअरने कॅमेरे, कार्यालय आणि वजनकाटा यांचे वेगवेगळे व्हीलॅन (एकाच स्विचवरचे, एकमेकांपासून अलग ठेवलेले नेटवर्कचे भाग) केले, सगळे तपासून दाखविले, सही घेतली आणि तो निघून गेला. काम चांगले होते. तीन महिने ते बिनतक्रार चालले. मे महिन्याच्या अखेरीस वळवाचा पाऊस आला, विजा कडाडल्या, फिडर बंद पडला, आणि यूपीएसची बॅटरी कधीच बसलेली असल्यामुळे स्विचही बंद झाला. वीज आल्यावर वजनकाट्याचा संगणक नेटवर्कवर दिसेना. काट्याच्या नोंदीशिवाय भंगाराचा ट्रक आत घेता येत नव्हता, त्यामुळे गेटबाहेर रस्त्याच्या कडेला ट्रक उभे राहू लागले. स्विच विजेने जळाला असा सर्वांनी निष्कर्ष काढला होता आणि नव्याची ऑर्डरही निघाली होती. मी कन्सोल केबल जोडून व्हीलॅनची यादी पाहिली. तेथे फक्त कारखान्यातून येणारा व्हीलॅन १ होता. स्विच ठणठणीत होता, त्याची आठवण मात्र पुसली गेली होती. कोणता पोर्ट कशाचा, हे कोठेही लिहिलेले नसल्यामुळे एकाने वायर हलवायची आणि दुसऱ्याने टोक शोधायचे, अशा रीतीने सगळे पुन्हा उभे करायला संध्याकाळ झाली.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे की, काम संपल्यावर मी सेव्ह करतो आणि ग्राहकाला शेजारी उभे करून स्विचची वीज काढून पुन्हा देतो. सगळे परत आले तरच मी हत्यारे आवरतो. ‘चालू आहे ना, मग बंद कशाला करता?’ असे म्हणणाऱ्याला मी नम्रपणे पण ठामपणे सांगतो की, आज माझ्यासमोर बंद झालेले बरे. त्यानंतर कॉन्फिगरेशनची फाईल तारीख घालून माझ्याकडे आणि ग्राहकाकडे ठेवतो आणि पोर्टचा तक्ता छापून रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवितो. संगणकातला तक्ता नेटवर्क बंद असताना उघडत नाही.

येथे स्विच बनविणाऱ्यांकडूनही माझी अपेक्षा आहे. काही कंपन्यांच्या वेब पानावर सेव्ह करायचे राहिल्याचे चिन्ह लुकलुकते, परंतु पान बंद केल्यावर ते पाहणार कोण? स्विचच्या दर्शनी भागावर एक पिवळा दिवा द्यावा, जो बदल जतन होईपर्यंत विझणार नाही. दुसरी गोष्ट घड्याळाची. अनेक स्विचमध्ये घड्याळाला बॅटरीच नसते, म्हणून वीज गेल्यावर ते कोणत्या तरी जुन्या वर्षाच्या १ जानेवारीपासून वेळ मोजू लागतात, आणि नोंदी चालू स्मृतीत असल्यामुळे त्याही नाहीशा होतात. म्हणजे बिघाड का झाला हे सांगणारा एकमेव साक्षीदार बिघाडाबरोबरच मुका होतो. आपण आपल्या बाजूने वेळ एनटीपीवरून, म्हणजे नेटवर्कवरून वेळ देणाऱ्या यंत्रणेवरून, घ्यावी आणि नोंदी कार्यालयातील एखाद्या संगणकावर सिसलॉगने पाठवाव्यात. पण घड्याळाला एक बटन-सेल लावणे कंपन्यांना जड जाऊ नये.

उष्णता आणि रुई

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो, आणि पत्र्याखालच्या बंद लाकडी कपाटात त्याहून वर. कार्यालयीन स्विचवर बहुधा ४०, ४५ किंवा ५० अंशांपर्यंतची मर्यादा छापलेली असते. ती वाचून विकत घेणारा ग्राहक मला क्वचितच भेटला आहे. एका जिनिंगमध्ये दर उन्हाळ्यात दुपारी दोननंतर स्विच आपोआप बंद-चालू होत असे. झाकण उघडले तर पंख्याच्या जाळीवर रुईचा नमद्यासारखा थर बसला होता. बोटाने धरून ओढला तर तो अखंड निघाला. अशा ठिकाणी पंखा नसलेला, ७० अंशांच्या पुढे टिकणारा औद्योगिक स्विच घ्यावा. खर्च जास्त येतो, पण दर दोन वर्षांनी नवा घेण्यापेक्षा तो परवडतो. ते शक्य नसेल तर निदान कपाटाला काचेऐवजी जाळीचे दार लावावे आणि होळी झाली की वीज बंद करून ब्लोअर मारावा.

पीओईचे गणित आणि नकली तांबे

रात्री आठनंतर दोन-तीन कॅमेरे बंद पडतात आणि सकाळी आपोआप चालू होतात, ही तक्रार आली की मी प्रथम पीओईचा, म्हणजे नेटवर्कच्या वायरीतूनच दिल्या जाणाऱ्या विजेचा, एकूण वॅट पाहतो. जुन्या मानकानुसार स्विच एका पोर्टला १५.४ वॅट देतो आणि २००९ च्या मानकानुसार ३० वॅट. चोवीस पोर्ट म्हटल्यावर हे अनुक्रमे सुमारे ३७० आणि ७२० वॅट होतात. परंतु खोक्यावर ‘२४ पोर्ट पीओई’ मोठ्या अक्षरांत आणि एकूण क्षमता १९० वॅट अगदी बारीक अक्षरांत छापलेली असते. अंधार पडला की कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागतात, मागणी वाढते आणि स्विच काही पोर्ट सोडून देतो. कॅमेऱ्याचा दिवसाचा नव्हे, कमाल वॅट धरून बेरीज करावी आणि वर चौथा हिस्सा मोकळा ठेवावा.

केबल घेताना ब्लेडने तार खरवडून पाहावी. आत पांढरट धातू दिसला तर ते तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम आहे. त्याचा विद्युतरोध जास्त असतो, लांब अंतरावर वॅट वाटेतच उष्णता होऊन जातात आणि क्रिम्पिंगजवळ ती तार तुटतेही लवकर. स्वस्तातल्या केबलवर महागडा स्विच लावणाऱ्याला मी काम न घेता परत पाठविलेले आहे.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल टाकू नये. फायबर टाकावे, नाहीतर वळवाच्या विजेने दोन्ही टोकांचे पोर्ट जातात. केबल एकूण १०० मीटरच्या पुढे नेऊ नये. गिगाबिट पोर्ट १०० मेगाबिटवर चालत असेल तर वेग हाताने बसवू नये. चारपैकी एखादी जोडी तुटलेली असते, ती शोधावी. कारखान्यातून आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदलावा आणि टेलनेट, म्हणजे पासवर्डही उघडा पाठविणारी दूरची जोडणी, बंद करावे. क्लाउडवरून चालणारा स्विच घेताना परवाना संपल्यावर काय चालू राहील आणि काय बंद होईल, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

माझी सर्वांत जुनी तक्रार पॉवर सप्लायची आहे. चोवीस पोर्ट, चिप, सगळे शाबूत असताना आतला पॉवर सप्लाय व्होल्टेजच्या चढउताराने जातो, आणि कमी किमतीच्या स्विचमध्ये तो सुटा मिळत नाही म्हणून अख्खा स्विच भंगारात जातो. मागच्या बाजूने दोन स्क्रू काढून बदलता येईल असा सप्लाय लहान स्विचलाही मिळायला हवा. तो मिळेपर्यंत, ज्यांचा काउंटर किंवा वजनकाटा तासभरही थांबू शकत नाही, त्यांच्याकडे मी त्याच मॉडेलचा एक जादा स्विच तेच कॉन्फिगरेशन भरून, नाव लिहिलेल्या खोक्यात, रॅकच्या खालच्या कप्प्यात ठेवतो आणि तेथल्या एका माणसाकडून वायरी बदलण्याचा सराव करून घेतो.