व्हॅनला टेम्परेचर मीटर बसवताय? या चुका टाळा

जुनी व्हॅन घेताना मी पत्रा ठोकून पाहिला, टायर पाहिले, इंजिनचा आवाज ऐकला. डॅशबोर्डवर टेम्परेचरचा काटाच नाही, हे मात्र पहिला लांब चढ लागला तेव्हा लक्षात आलं. होता तो फक्त लाल दिवा, आणि तो लागतो तोवर बहुतेक वेळा खेळ संपत आलेला असतो. इंजिन सीटखाली असलेल्या व्हॅनमध्ये तर वाफही समोर दिसत नाही. आधी कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा, गोडसर वास येतो, मग शोधाशोध.

म्हणून मीटर बसवायचं ठरवलं. काम अवघड नाही. पण चुकीचं बसलेलं मीटर नसलेल्या मीटरपेक्षा घातक, कारण काटा मधोमध पाहून आपण निर्धास्त गाडी हाकत राहतो.

सुरुवातीची चूक खरेदीतच होते. लोक डायल पसंत करतात आणि सेंडर मिळेल तो घेतात. सेंडर म्हणजे गरम झाल्यावर रेझिस्टन्स कमी होणारा एक छोटा तुकडा. मीटर तो रेझिस्टन्स मोजून अंश दाखवतं. 90 अंशांना एका सेंडरचा रेझिस्टन्स दुसऱ्याच्या दुप्पट-तिप्पट असू शकतो. मीटर एका जोडीचं आणि सेंडर दुसऱ्या जोडीचा असला, तर काटा हलेल, छान दिसेल आणि खोटं सांगेल. दोन्ही एकाच डब्यातले घ्या. भंगारातल्या गाडीचं मीटर काढून लावणार असाल तर आणखी एक पाहा: काही जुन्या गाड्यांत मीटरला थेट 12 व्होल्ट जात नाहीत, मध्ये व्होल्टेज कमी करणारा स्टॅबिलायझर असतो. तो वगळून जोडलंत तर काटा कायम वर राहील.

काही जण महागड्या मॉडेलचं अख्खं क्लस्टरच, म्हणजे डॅशबोर्डवरच्या काट्यांचा संच, आणून बसवतात. त्यात किलोमीटरचा आकडा बदलतो, बऱ्याच गाड्यांत इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) गोंधळ होतो, आणि पुढे विकताना संशयही आपल्यावरच. मी त्या वाटेला गेलो नाही.

दुसरी चूक मोहाची आहे. इंजिनवर टेम्परेचर सेन्सर आधीच असतो, त्याच्याच वायरला मीटर जोडू म्हणतात. तो सेन्सर ईसीयूचा, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचा आहे. ईसीयू त्याला 5 व्होल्ट पुरवून परत येणारं व्होल्टेज वाचतो. मध्ये तुमचं मीटर आलं की ते वाचन बिघडतं. मग इंजिन थंड असताना गरम समजून इंधन कमी पडतं, किंवा उलट, आणि फॅन भलत्या वेळी चालू होतो. मीटरला स्वतःचा सेंडर द्या.

आता तो सेंडर बसवायचा कुठे? सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. थर्मोस्टॅट म्हणजे पाणी गरम झालं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप. तो बंद असताना पाणी इंजिनातच फिरतं, रेडिएटरकडे जात नाही. सेंडर रेडिएटरच्या खालच्या होजमध्ये (रबरी नळीत) लावलात तर तो रेडिएटरमधून थंड होऊन आलेलं पाणी मोजेल, आणि थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर इंजिन उकळत असताना काटा निवांत खाली पडून राहील. उत्तम जागा थर्मोस्टॅटच्या इंजिनकडच्या बाजूला, हेडवर (इंजिनच्या वरच्या भागावर) किंवा थर्मोस्टॅट हाउसिंगमध्ये प्लगने बंद केलेलं रिकामं भोक असेल तिथे. तसं नसेल तर वरचा होज कापून मधे अ‍ॅल्युमिनियमचा अडॅप्टर घालतात. चालतं, पण तिथेही अडकलेल्या थर्मोस्टॅटची बातमी उशिरा मिळते हे ध्यानात ठेवा. अडॅप्टर होजच्या आतल्या व्यासाचाच हवा. क्लॅम्प आवळून फरक भरून काढायला गेलात तर गळती ठरलेली.

मी अडॅप्टरच लावला, आणि काटा मेल्यासारखा तळाला. वायर तपासली, फ्यूज तपासला, मीटर परत करायला निघालो होतो. कारण काय, तर एक टर्मिनलवाला सेंडर अर्थिंग स्वतःच्या आट्यांतून घेतो, आणि माझा अडॅप्टर दोन्ही बाजूंनी रबराच्या होजमध्ये लटकलेला! अडॅप्टरपासून इंजिनपर्यंत एक वायर ओढली आणि काटा उठला. हेडवर बसवलेल्या सेंडरच्या आट्यांना टेफ्लॉन टेपचे भरपूर वेढे दिले तरी हाच त्रास होतो. आटेही जुळवून पाहा. अर्धा फेरा फिरून अडकला तर जोर लावू नका, अ‍ॅल्युमिनियमचे आटे क्षणात जातात.

बसवण्याआधी एक खटाटोप जरूर करा. भांड्यात पाणी उकळा, सेंडरचं टोक बुडवा, तात्पुरत्या वायरींनी मीटर जोडा, सेंडरच्या अंगाला अर्थिंग द्या. शेजारी थर्मामीटर धरा. 60, 80, 95 अंशांना काटा कुठे येतो ते कागदावर लिहा. सगळी जोडणी नंतर उसवण्यापेक्षा ही अर्ध्या तासाची मेहनत स्वस्त.

वायरिंगमध्ये सप्लाय इग्निशननंतरचा घ्या, छोटा फ्यूज लावा, आणि वायर एग्झॉस्टपासून दूर न्या. एवढं पुरे.

काटा नीट वागत नसेल तर चावी चालू करून सेंडरवरची वायर काढा: साध्या काट्याच्या मीटरमध्ये काटा थंडकडे जायला हवा. तीच वायर क्षणभर इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा: काटा गरमकडे धावला तर मीटर आणि वायर ठीक, दोष सेंडरचा किंवा त्याच्या अर्थिंगचा. हेडलाइट लावल्यावर काटा सरकत असेल तर मीटरचं किंवा इंजिन-बॉडीचं अर्थिंग गंजलंय. चालताना काटा उड्या मारत असेल तर सिस्टिममध्ये हवा अडकली असेल. हीटर गरमवर ठेवून हवा काढा. आणि हे विसरू नका: कूलंट गळून सेंडर उघडा पडला की तो पाणी नाही, वाफ मोजतो, आणि काटा उलट खाली येऊ शकतो. चढावर अचानक ‘थंड’ झालेली गाडी थांबवा, पण गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका.

गाडीला ओबीडी सॉकेट (ईसीयूची माहिती वाचणारा रीडर लावायची जागा) असेल तर ईसीयूला दिसणारं तापमान रीडरवर पाहून आपल्या काट्याशी ताडून घ्या. काम झालं की रीडर काढा, सॉकेटला चावी बंद असतानाही करंट असतो.

नवं मीटर लावल्यावर पहिला आठवडा घाबरायला होतं, कारण कंपनीचे काटे मुद्दाम सुस्त ठेवलेले असतात. तापमान बरंच खालीवर झालं तरी मधेच बसतात. हा मात्र प्रत्येक अंश दाखवतो. माझ्या व्हॅनमध्ये सपाट रस्त्याला 88 असतो, ट्रॅफिकमध्ये 97 पर्यंत चढतो, मग फॅनचा आवाज येतो आणि काटा उतरू लागतो. त्या 97 वर काचेला मी लाल टेपची बारीक पट्टी चिकटवली आहे.