शाळेत अभियांत्रिकी शिकवताना या चुका टाळा

नीती आयोगाच्या योजनेतून 2016 पासून अनेक शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब उभ्या राहिल्या. एका शाळेला 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, सहावी ते बारावीची मुलं ती वापरतात. आर्डुइनो (कोड लिहून चालवायचा छोटा सर्किट बोर्ड), सेन्सर, मोटारी, थ्रीडी प्रिंटर सगळं येतं. तरी पुष्कळ ठिकाणी मुलं जोडणी शिकतात आणि विचार करायचा राहून जातो. याचं कारण बहुतेक वेळा आपल्या शिकवण्यात सापडतं.

तयार मॉडेलपासून सुरुवात

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की चित्र बघून वायरी जोडायच्या, कोड उतरवायचा आणि गाडी पळवायची. पुढे सेन्सर बदलला की तीच मुलं अडतात. त्यापेक्षा शाळेतलाच एखादा प्रश्न घ्या. गच्चीवरची टाकी भरून वाहते, ती वेळेवर कशी कळेल? आधी टाकीची उंची मोजायला लावा. ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा एचसी-एसआर04 हा अल्ट्रासॉनिक सेन्सर साधारण 2 सेंटिमीटरपेक्षा जवळचं अंतर मोजत नाही आणि त्याला ओल चालत नाही. मग तो कुठे बसवायचा, पाणी किती वर आलं की घंटा वाजवायची, हे मुलांनी आकडे मांडून ठरवू दे. माझ्या मते खरी अभियांत्रिकी इथे सुरू होते. जोडणी त्यानंतरची.

बिघाड शिक्षकाने शोधणं

तासिका संपत आलेली असते, सर्किट चालत नसतं, आणि आपण पटकन वायर बदलून देतो. सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. मल्टिमीटर (व्होल्टेज आणि जोडणी तपासायचं यंत्र) मुलांच्या हातात द्या आणि तपासायचा क्रम शिकवा: आधी वीजपुरवठा, मग जोडणी, कोड सगळ्यात शेवटी.

नेहमी येणाऱ्या अडचणी ठरावीक आहेत. संगणकाला बोर्ड दिसत नसेल, तर केबल फक्त चार्जिंगची असू शकते. स्वस्त बोर्डांवर यूएसबीसाठी अनेकदा सीएच340 ही चिप असते, तिचा ड्रायव्हर (सॉफ्टवेअर) संगणकात घालावा लागतो. सर्वो मोटर (ठरावीक कोनात फिरणारी मोटर) हलताच आर्डुइनो पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असेल, तर मोटर जास्त करंट खेचते आणि व्होल्टेज पडतं. मोटरला वेगळा पुरवठा द्या, पण दोन्हींचे ग्राउंड (ऋण टोकं) एकमेकांना जोडायला विसरू नका. 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी गाडीच्या मोटारींना पुरत नाही. आणि मोटर थेट आर्डुइनोच्या पिनला कधीच लावू देऊ नका. ऊनो या आर्डुइनो बोर्डाच्या एका पिनमधून 20 मिलिअँपिअरच्या आसपासच करंट घ्यावा, त्यामुळे मध्ये मोटर ड्रायव्हर (मोटरला जास्त करंट पुरवणारं सर्किट) हवा. ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता वायरी खोचून जोडायची भोकांची पाटी) अर्धाच चालतो असं वाटलं तर कडेच्या पट्ट्या तपासा. काही ब्रेडबोर्डांवर त्या मध्यावर तुटलेल्या असतात.

एकदाच बांधून थांबणं

आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल बांधला, वजन टांगून मोडला, नंबर काढले, संपलं. पूल कुठे मोडला हे कोणी बघतच नाही. काडी वाकून गेली की सांधा सुटला? सांधा सुटला असेल, तर फेविकॉल रात्रभर वाळला होता का ते विचारा. दाबाखालची लांब काडी वाकत असेल, तर तिला मध्यावर आधार द्या: मोकळी लांबी निम्मी झाली की वाकण्याला विरोध सुमारे चौपट होतो. दुसरा पूल बांधताना एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. दोन फेऱ्यांना वेळ नसेल तर पूल लहान घ्या, दुसरी फेरी मात्र सोडू नका.

इलेक्ट्रॉनिक्स म्हणजेच अभियांत्रिकी समजणं

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून शाळांमध्ये गेलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात मुलं वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, शेती असं सगळं हाताने करतात. लॅब नसलेल्या शाळेने निराश होऊ नये. डगमगणारा बाक दुरुस्त करायला घ्या, मोजमाप घ्या, साहित्याचा खर्च काढा. खर्च काढायची सवय तर लॅब असलेल्या शाळांनीही लावायला हवी.

गटात मुली वही लिहितात आणि मुलगे पकड धरतात असं दिसलं की तिथल्या तिथे कामं बदला. सोल्डरिंग खिडकीजवळ, चष्मा घालून. 230 व्होल्टला मुलांचा हात लागता कामा नये.

गुण देताना चालू मॉडेलइतकेच प्रयोगवहीला द्या: काय मोजलं, काय बिघडलं, पुढे काय बदललं. न चाललेल्या चाचणीची नीट नोंद असेल, तर तिचे पूर्ण गुण.