एचसीआयची पीएच.डी. झाली आणि कंपनी काढायचीय? मग हे करा

माझा प्रबंध फोनवरच्या बोलक्या मेन्यूंवर होता. आता पुण्यातल्या माझ्या छोट्या कंपनीतून मी दूध संघांना तेच विकते. डेअरीत दूध घातलं की उत्पादकाला फोन जातो आणि लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर मराठीत ऐकू येतो. एचसीआय म्हणजे ह्यूमन-कॉम्प्युटर इंटरॅक्शन, माणसं यंत्रं कशी वापरतात त्याचा अभ्यास. तो शिकलेली मुलं-मुली 'आम्हालाही असंच काहीतरी करायचंय' म्हणत येतात. त्यांना जे सांगते ते इथे लिहिते.

आधी कागदपत्रं. फेलोशिपवर असताना लिहिलेला कोड बहुतेक वेळा संस्थेच्या मालकीचा असतो, त्यामुळे बाहेर पडण्याआधी लेखी परवाना घ्या. पेटंट घ्यायचं असेल तर अर्ज आधी, शोधनिबंध नंतर. नुसत्या संगणक प्रोग्रॅमला भारतात पेटंट मिळत नाही, तेव्हा त्या नादात वर्ष घालवू नका. आणि संमतीपत्रं पुन्हा काढून वाचा. लोकांनी त्यांचा आवाज 'संशोधनासाठी' दिलेला असतो. तो धंद्यात वापरायचा असेल तर त्याच माणसांच्या दारात पुन्हा जाऊन विचारायचं. गाइडनी 'चालतंय की' म्हटलं तरीही.

मग प्रबंधातून काय उचलायचं ते ठरवा. प्रोटोटाइप, म्हणजे प्रयोगासाठी केलेला नमुना, उचलू नका. ते बहुतेक वेळा डेमोपुरतं उभं केलेलं असतं. निष्कर्ष उचला. यासाठी मी सगळ्यांना नील पटेल यांचं काम वाचायला लावते. स्टॅनफर्डमध्ये पीएच.डी. करताना त्यांनी गुजरातेत छोट्या शेतकऱ्यांसाठी फोनवरची 'आवाज ओटलो' ही सेवा उभी केली. २००९ च्या अभ्यासात त्यांनी बोलून उत्तर देणं आणि बटण दाबणं यांची तुलना केली, आणि बटणं सरस ठरली. २०१० च्या शोधनिबंधात ५१ शेतकऱ्यांनी सात महिने ही सेवा कशी वापरली ते आहे. तज्ज्ञांच्या माहितीपेक्षा एकमेकांचे प्रश्न आणि उत्तरं ऐकायचा कट्टाच सगळ्यात जास्त चालला. पुढे त्यातून 'आवाज-दे' ही कंपनी निघाली, तिचं गिऱ्हाईक मात्र शेतकरी नाही. पैसे देतात त्या संस्था, ज्यांना शेकडो-हजारो लोकांपर्यंत फोनवरून पोचायचं असतं.

खरी मेख इथेच आहे. प्रयोगशाळेत आपण एकाच माणसाकडे बघायला शिकतो, वापरणाऱ्याकडे. धंद्यात माणसं तीन असतात. माझ्या बाबतीत दूध घालायला येते ती बाई, फॅट मशीनपाशी बसलेला गावच्या डेअरीचा सचिव आणि संघाचा मॅनेजर. तिघांची दुखणी वेगळी. बाईला आपल्या दुधाला काय लागलं ते कळायला हवं असतं, पण खातं नवऱ्याच्या नावावर आणि फोनही त्याच्याच खिशात. सचिवाला धास्ती वेगळीच: रांग उभी असतानाच फोन वाजला आणि फॅट कमी निघाली, तर वाद तिथेच पेटणार. म्हणून आमचा फोन संकलन संपल्यावर जातो. मॅनेजरला या दोघांचंही फारसं काही नसतं. त्याला दर दहा दिवसांनी बिल निघालं की ऑफिसात येणाऱ्या तक्रारी कमी झालेल्या हव्या असतात. आमचं उत्पादन विकलं जातं ते या तिसऱ्या कारणावर, आणि टिकतं ते पहिल्या दोघांमुळे.

तेव्हा प्रबंधासाठी जसे शेतकऱ्याच्या ओसरीवर बसलात तसे खरेदी करणाऱ्याच्या केबिनबाहेर बसा. सही कोणाची लागते, संचालक मंडळाची बैठक कधी असते, ठराव लागतो का, पैसे कुठल्या हेडखाली पडतात, अकाउंटंट कुठे अडवतो, हे सगळं वहीत टिपा. फील्डवर्क म्हणतात ते हेच. एचसीआयवाल्याला हे एमबीएवाल्यापेक्षा चांगलं जमतं, असं माझं पक्षपाती मत आहे.

लोक सांगतात एक आणि करतात दुसरं, हे आपल्याला पहिल्याच वर्षी शिकवतात. नील पटेल यांच्याच गटाने २०१२ मध्ये ३०५ शेतकऱ्यांना सात सल्ले पाठवले. तेच सल्ले काहींना शास्त्रज्ञांच्या आवाजात, काहींना दुसऱ्या शेतकऱ्यांच्या. मुलाखतीत बहुतेकांनी 'शास्त्रज्ञांचंच बरं' असं सांगितलं, पण पूर्ण सल्ला ऐकायला उलट फोन केले ते शेतकऱ्याचा आवाज ऐकून जास्त. कंपनी काढताना हाच धडा 'फार छान आहे, मॅडम' या वाक्याला लावा. चहा पाजून कौतुक करणारा संघ गिऱ्हाईक नव्हे. पहिल्या भेटीत दर सांगा. फुकट पायलट, म्हणजे चाचणीपुरती सेवा, देऊच नका. अगदी थोडे पैसे घ्या, पण घ्या, कारण पैसे द्यायची वेळ आली की त्यांच्या खऱ्या शंका बाहेर पडतात.

उत्पन्नाची पहिली कल्पना टिकेलच असं नाही. कार्नेगी मेलनच्या लुईस फॉन आन यांनी २००९ मध्ये रीकॅप्चा (वेबसाइटवर वाकडीतिकडी अक्षरं ओळखायला लावून 'तुम्ही माणूसच ना' हे तपासणारी सेवा) गूगलला विकलं आणि मग आपल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याबरोबर डुओलिंगो हे भाषा शिकायचं अ‍ॅप काढलं. शिकणाऱ्यांकडून भाषांतरं करून घ्यायची आणि ती विकायची, असा बेत होता. तो त्यांनी सोडला आणि परीक्षा, जाहिराती, वर्गणी यांवर गाडी आणली. तिथेही शिकणाऱ्यांकडे बारकाईने बघणं सुटलं नाही.

प्रत्येक चांगल्या संशोधनाची कंपनी व्हायलाच हवी असंही नाही. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात झालेला, फोनवर भारतीय भाषांत लिहायचा स्वरचक्र कीबोर्ड लोकांना फुकट मिळाला, आणि तेच बरं झालं.

जोडीदार शोधताना दुसरा संशोधक घेऊ नका. मार्च संपत आला की थकलेल्या बिलासाठी न लाजता चौथ्यांदा फोन करणारा माणूस घ्या. आमच्याकडे ते काम करणारे गृहस्थ पूर्वी पशुखाद्य विकायचे. संघाच्या शिपायापासून चेअरमनपर्यंत सगळे त्यांना नावाने ओळखतात, आणि नवीन कॉल फ्लो, म्हणजे फोनवर काय कोणत्या क्रमाने ऐकू येणार ते, मी आधी त्यांनाच ऐकवते.