मटणाचा रस्सा घरी करताना या चुका टाळा

रस्सा पाणचट लागतो, वर तर्री येत नाही, मटण वातड राहतं आणि घासागणिक मसाल्याचा कच्चा वास येतो. असं झालं की बहुतेक जण पुढच्या वेळी मसाला चमचाभर वाढवतात. त्याने रस्सा फक्त तिखट होतो. बिघाड झालेला असतो तो कांदा, वाटण आणि परतणं इथे केलेल्या घाईमुळे, म्हणजे पाणी पातेल्यात पडायच्याही आधी.

सुरुवात खाटकाच्या दुकानापासून करू. "चरबी नको, हाडं नकोत, नुसतं मऊ मटण द्या" असं सांगून आणलेल्या मटणाचा रस्सा अंगाने हलकाच होतो. रश्श्याला चव देतात ती हाडं, नळ्या आणि थोडी चरबी. "मिक्स द्या, मांडी-सीना घ्या, दोन-तीन नळ्या टाका" असं सांगा. आणखी एक गोष्ट, बकरं कापल्यावर काही तासांत त्याचं मांस ताठरतं. म्हणून आणलं की लगेच शिजवण्यापेक्षा हळद, मीठ, आलं-लसूण आणि थोडं दही चोळून फ्रीजमध्ये चार-पाच तास, जमलं तर रात्रभर ठेवा. फरक पहिल्या घासालाच कळतो.

आता कांदा. माझ्या मते निम्मे रस्से इथेच बिघडतात. अर्ध्या किलोला तीन मध्यम कांदे घेतले, तर मध्यम आचेवर ते नीट लाल व्हायला 15 ते 20 मिनिटं लागतात. कांद्यात पाणीच जास्त असतं आणि ते उडून जाईपर्यंत कांदा फक्त वाफवला जातो, तांबूस होत नाही. गुलाबी दिसला की "झालं" म्हणून मसाला टाकणं ही सगळ्यात मोठी चूक. तशा रश्श्यात एक कच्चट गोडवा शेवटपर्यंत राहतो. वेळ वाचवायला गॅस मोठा केलात तर कडा करपतील आणि मधला भाग पांढराच राहील. त्यापेक्षा चिमूटभर मीठ घाला, पाणी लवकर सुटतं.

वाटणातलं सुकं खोबरं मात्र उलट चालीचं आहे. ते बघता बघता जळतं. कांदा-खोबरं एकत्र भाजू नका. खोबरं वेगळं, मंद आचेवर, बदामी रंग येईपर्यंतच भाजा. गॅस बंद केल्यावरही गरम कढईत त्याचा रंग चढत राहतो, म्हणून लगेच ताटात काढा. खोबरं काळं पडलं तर निमूटपणे टाकून द्या. त्याचा कडवटपणा गुळाने, दह्याने, कशानेही जात नाही.

वाटण परतताना घड्याळाकडे बघू नका, कढईकडे बघा. आधी ते खदखदतं आणि शिंतोडे उडवतं. मग आवाज हळूहळू बारीक होतो, रंग गडद होतो, वाटण कढईच्या कडा सोडून मधोमध गोळा होतं आणि कडेने तेल चमकायला लागतं. हेच तेल सुटणं. तर्री इथे ठरते. तिखट आणि मसाला याच वेळी घाला, तेही गॅस मंद करून, कारण कोरडी पूड गरम तेलात काही सेकंदांत करपते. तळाला चिकटायला लागलं तर दोन चमचे गरम पाण्याचा हबका मारा. रंग कमी वाटला तर तिखट वाढवू नका. रंगासाठी ब्याडगी किंवा काश्मिरी मिरची आणि झणझणीतपणासाठी लवंगी, असा हिशेब वेगळा ठेवा.

मटण या मसाल्यात पाच-सात मिनिटं चांगलं परतलं की मगच पाणी, आणि ते उकळतं. गार पाणी ओतलं की तापलेला मसाला थंड पडतो आणि शिजण्याची लय मोडते. कोल्हापूरकडे मटण आधी हळद-मीठ घालून शिजवतात आणि त्याचं आळणी पाणी रश्श्याला वापरतात. ज्यांना मटण कच्चं राहायची भीती वाटते त्यांच्यासाठी हीच पद्धत सगळ्यात सोपी.

वातड मटण म्हणजे बहुतेक वेळा कमी शिजलेलं मटण. त्यातले चिवट तंतू विरघळायला वेळच लागतो, मोठ्या आचेने ते काम होत नाही. कुकरची पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून 15 ते 20 मिनिटं ठेवा, वाफ आपोआप जिरू द्या आणि एक तुकडा बोटाने दाबून बघा. रबरासारखा परत उसळला तर वाटीभर गरम पाणी घालून आणखी दोन शिट्ट्या काढा. चिकनला हा नियम लावू नका, ते उघड्या पातेल्यात 20-25 मिनिटांत होतं. कुकरमध्ये ते भुगा होतं.

काही चुका आधीच टाळता येतात, काही झाल्यावर सावरता येतात. रश्श्यात दही घालणार असाल, तर ते फाटू नये म्हणून फ्रीजमधून आधीच बाहेर काढा, घुसळा, अर्धा चमचा बेसन मिसळा आणि मंद आचेवर घाला. रस्सा खारट झाला की बटाटा टाकायची पद्धत आहे, पण बटाटा मिठासकट रस्साच शोषतो, नुसतं मीठ वेचून घेत नाही. थोडं बिनमिठाचं वाटण वेगळं परता, गरम पाण्यासह त्यात मिसळा आणि उकळा. तळ लागला तर ढवळू नका, खरवडू तर मुळीच नका. वरचा रस्सा अलगद दुसऱ्या पातेल्यात काढून घ्या.

उरलेला रस्सा दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवा. दुसऱ्या दिवशी तो आळलेला दिसेल. अर्धी वाटी उकळतं पाणी घाला, खळखळून उकळी येऊ द्या आणि मगच मीठ चाखा.